अनवाणी पायाला जमेल असं छोटं वाह पेडल कसं निवडावं

वाह पेडल म्हणजे पायाने डोलवून गिटारच्या आवाजाला ‘वाह’ असं वळण देणारं यंत्र. ते छोटं घ्यायला गेलं की बहुतेक जण आधी आवाज ऐकतात आणि पाय नंतर ठेवून पाहतात. हा क्रम उलटा हवा. चांगल्या कंपनीच्या छोट्या आणि मोठ्या पेडलच्या आवाजात आज फारसं डावंउजवं राहिलेलं नाही. खरा फरक पायाखाली कळतो, आणि बडोद्यात नवरात्रात वाजवणाऱ्याचा पाय अनवाणी असतो. माताजींची स्थापना असलेल्या मंचावर कोणी बूट घालून चढत नाही. दुकानात जाड तळव्याच्या बुटाने खटकन चालू झालेलं पेडल मंचावर नुसत्या पायाच्या बोटांना दाद देत नाही, आणि हे कळतं तेव्हा गायकाने गाणं उचललेलंही असतं.

छोट्या पेडलमध्ये आवाज कापला जाईल, ही भीती आधी मनातून काढून टाका. 1966-67 मध्ये व्हॉक्स या ब्रिटिश अँप कंपनीच्या अमेरिकी बाजूचं काम पाहणाऱ्या थॉमस ऑर्गन कंपनीत ही सर्किट तयार झाली, तेव्हा ती ऑर्गनच्या व्हॉल्युम पेडलच्या तयार डब्यात बसवली गेली. आजही वाह पेडल एवढं मोठं दिसतं ते त्या डब्यामुळे. आतला माल म्हणजे दोन ट्रान्झिस्टर, एक इंडक्टर (तारेचं वेटोळं), एक पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. तो तळहाताएवढ्या पट्टीवर आरामात मावतो.

काम कसं चालतं तेही समजून घ्या, निवडताना उपयोगी पडतं. इंडक्टर साधारण 500 मिलिहेन्रीचा आणि त्याच्या जोडीचा कपॅसिटर 10 नॅनोफॅरॅडचा असतो. या दोघांचा अनुनाद, म्हणजे आवाज जिथे सर्वांत उठून येतो ती जागा, सुमारे 2250 हर्ट्झला येतो, म्हणजे पायाची बोटं पूर्ण खाली दाबल्यावरचा तो ‘आ’. टाच दाबली की पॉट आणि ट्रान्झिस्टर मिळून तोच कपॅसिटर कितीतरी पट मोठा भासवतात. 25 पट भासला तर अनुनाद पाचपट खाली येतो, म्हणजे 450 हर्ट्झच्या आसपास, आणि आवाज ‘ऊ’ होतो. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची आणि सर्वांत बारीक मोकळी तार 330 हर्ट्झची. म्हणजे वाह खेळतं ते मुख्यतः वरच्या स्वरांशांवर. म्हणूनच डाव्या हाताने तारा दाबून नुसतं ‘चिक-चिक’ वाजवलं की वाह सर्वांत स्पष्ट बोलतं, आणि पेडल तपासायलाही तेच उत्तम.

पाय आधी

मोठं पेडल साधारण 25 सेंटिमीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाच्या पावलाएवढं. छोटं त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोठ्यावर टाच आणि बोटं दोन्ही पट्टीवर टेकतात आणि घोटा नुसता डोलतो. छोट्यावर टाच मागे लोंबकळते किंवा जमिनीवर टेकते. टाच जमिनीवर ठेवली तर बोटांनी दाबणं सोपं जातं, पण पट्टी मागे आणायला पाऊल मुद्दाम वर ओढावं लागतं आणि दहा मिनिटांत नडगीचा स्नायू भरून येतो. पाऊल अलीकडे घेऊन तळव्याचा मधला भाग पट्टीच्या बिजागरीवर आणला तर ओढाओढ कमी होते. मात्र मग सगळा तोल दुसऱ्या पायावर जातो. उभं राहून वाजवणाऱ्याला हे जमतं. खुर्चीवर बसून वाजवत असाल तर अंगाचा भार मिळत नाही, आणि बोटांखालचा स्विच दाबायला नेमका तोच लागतो. बसून, अनवाणी आणि छोटं पेडल, ही सर्वांत कठीण बैठक. तुमची बैठक हीच असेल तर पुढचा स्विचचा भाग नीट वाचा.

ऑनलाइन मागवण्याआधी घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. 13 बाय 7 सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा कापा, मधोमध खालून पेन्सिल आडवी चिकटवा आणि तो 5 सेंटिमीटर उंचीच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवा. नेहमीच्या खुर्चीवर बसून, अनवाणी, गरब्याच्या हींच तालाच्या सहा मात्रा मोजत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला बोटं खाली नेत पाच मिनिटं पाय हलवा. नडगी दुखली किंवा पाऊल सारखं सरकलं, तर छोट्याचा हट्ट सोडा आणि मधल्या मापाचं पाहा. डनलॉपचं क्राय बेबी ज्युनियर त्यांच्याच क्राय बेबी मिनीपेक्षा मोठं आणि नेहमीच्यापेक्षा लहान आहे. एक्सोटिकचं एक्सडब्ल्यू-1 नेहमीच्या मापापेक्षा सुमारे 20 टक्के लहान असून त्यावर बेस, ट्रेबल, बायस आणि वाह-क्यू असे चार वेगळे नॉब आहेत. माझ्या मते ज्याला बोर्डवर, म्हणजे सगळी पेडल बसवायच्या फळीवर, जागा आहे त्याने मधलंच माप घ्यावं. अगदी मिनी घ्यावं ते जागाच नसेल तर.

स्विच

वाह चालू-बंद करण्याचे दोन प्रकार. पहिल्यात बोटांच्या टोकाखाली दणकट स्विच असतो आणि तो पट्टी पूर्ण दाबून खटका काढल्याशिवाय पडत नाही. क्राय बेबी मिनी या जातीचं. पट्टी आखूड असली की बिजागरीपासून बोटांपर्यंतचं अंतर कमी, म्हणून त्याच खटक्याला जोर जास्त लागतो. दुसऱ्यात स्प्रिंग असते. पाय ठेवला की चालू, काढला की पट्टी वर येऊन बंद. मॉर्लेचं 20/20 बॅड हॉर्सी असं आहे. अनवाणी पायाला हे फार सोयीचं, आणि गरब्यात एका ओळीपुरतं वाह लावून लगेच सोडायचं असेल तर तेच बरं. पण पट्टी मध्येच उभी ठेवून, वाह एखाद्या स्थिर फिल्टरसारखं वापरत सोलो वाजवायची सवय असेल तर स्प्रिंगचं घेऊ नका, कारण पाय उचलला की ते बंद होणार.

खटक्याच्या पेडलचा त्रास बराचसा बसवणुकीत असतो. पट्टीखाली बोटांच्या बाजूला रबराची किंवा नमद्याची गादी असते. ती जाड असली तर पट्टी स्विचपर्यंत पोचतच नाही. स्विच ज्या नटांनी धरलेला असतो त्यातला खालचा नट फिरवून स्विच एक-दीड मिलिमीटर वर घ्या, म्हणजे कमी जोरात पडेल. फार वर घेतला तर नुसती बोटं खाली नेतानाच वाह बंद पडू लागेल. अर्धा फेरा, तपासा, पुन्हा अर्धा फेरा, असं करत जा.

धूळ आणि पॉट

मैदानावर हजारो पाय फिरतात तेव्हा उडणारी धूळ मंचावरच्या सगळ्या उपकरणांत जाते. वाह पेडल तर जमिनीलगतच ठेवलेलं, आणि पट्टीखाली ते मोकळंच असतं. जुन्या पद्धतीच्या पेडलमध्ये पट्टीला दात्यांची पट्टी जोडलेली असते. ती छोटं गिअर फिरवते आणि गिअर 100 किलोओहमचा पॉट फिरवतं. धूळ पॉटच्या कार्बनच्या थरावर बसली की पाय हलवताना ‘खर्र’ ऐकू येतं. प्रकाशावर चालणाऱ्या पेडलमध्ये, जसं मॉर्लेचं, पॉटच नसतो. दिवा आणि संवेदक यांच्यामध्ये पडदा सरकतो. घासणारा भाग नाही म्हणून खरखर नाही. वर्षभर घरी वाजवून नवरात्रात मैदानावर उतरणाऱ्याने हा मुद्दा आवाजापेक्षा वर धरावा.

पॉटवालं पेडल असेल तर सफाई अशी करा. पेडलची वीज काढा, तळाचं पत्र्याचं झाकण उघडा. पॉटच्या तीन पायांजवळच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन लहान फवारे मारा. पट्टी टोकापासून टोकापर्यंत 25-30 वेळा हलवा आणि 15 मिनिटं पेडल उघडं ठेवून वाळू द्या. गंज सोडवायचं साधं तेलकट स्प्रे वापरू नका. त्याने दोन दिवस आवाज जातो, मग तेलावर अधिक धूळ चिकटते. सफाईनंतरही खरखर तशीच राहिली तर पॉटवर डीसी व्होल्टेज येत असण्याची शक्यता आहे, म्हणजे आधीचा कपॅसिटर गळतो आहे. तोच बदलावा लागतो, नाहीतर नवा पॉटही खरखरेल. पॉट बदलायचा झाला तर त्याच मॉडेलसाठीचा घ्या. साधा 100 किलोओहमचा व्हॉल्युम पॉट बसतो कधी कधी, पण त्याचा चढ वेगळा असल्याने सगळी ‘वाह’ पट्टीच्या एका टोकाला गोळा होते.

बोर्डवर जागा मोजताना

डब्याचं माप मोजून लोक फसतात. जॅक दोन्ही बाजूंना असतील तर सरळ पिन आणि तिच्यापुढचा केबलचा वळसा धरून प्रत्येक बाजूला 6-7 सेंटिमीटर जातात. चपट्या काटकोनी पिनने तेच दोनेक सेंटिमीटरवर येतं. जिथे इंचाइंचाची मारामारी आहे तिथे पुढच्या कडेला जॅक असलेलं पेडल निवडा. टाच दाबल्यावर पट्टीचं पुढचं टोक किती वर येतं तेही पाहा, कारण मागच्या ओळीतल्या पेडलच्या नॉबला ते अडतं. गिटारची केबल बोर्डाच्या उजव्या कडेला येते आणि वाह साखळीत पहिलं असतं, म्हणून त्याची जागा उजव्या टोकाला. हलकं पेडल पाय मारताना सरकतं, तेव्हा खाली वेल्क्रो पूर्ण लांबीचा लावा, दोन तुकडे पुरत नाहीत.

वीज बहुतेक पेडलना 9 व्होल्ट डीसी लागते, मधली पिन निगेटिव्ह. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर पिनेत बसतो म्हणून लावू नका. तो बहुधा 12 व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह असतो. साध्या वाहला करंट अगदी थोडा लागतो, प्रकाशावर चालणाऱ्याला आणि डिजिटलला बराच जास्त, म्हणून तळावरचा मिलिअँपिअरचा आकडा वाचूनच पॉवर सप्लाय ठरवा.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळं. शेजारी ट्रान्सफॉर्मरवाला पॉवर सप्लाय असेल तर ते त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडतं आणि वाह चालू केल्यावरच 50 हर्ट्झचा घूं येतो. पट्टी हलवली की त्या घूंचाही रंग बदलतो, यावरून ओळखा. पॉवर सप्लाय हातभर लांब न्या किंवा पेडल 90 अंशात वळवून ऐका. एका कोनात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. छोट्या बोर्डवर सगळं दाटीवाटीने बसतं, त्यामुळे छोट्या पेडलना हा त्रास अधिक भेटतो.

फझ पेडल (आवाज जाड आणि खरखरीत करणारं) वापरत असाल तर वाहच्या लगेच पुढे जुन्या धाटणीचा फझ लावल्यावर वाह चिंचोळं होऊन किंचाळतं किंवा गप्प बसतं. त्या फझचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो, तो वाहची सर्किट दाबून टाकतो. मध्ये एक बफर, म्हणजे दोन पेडलना एकमेकांपासून अलग ठेवणारी छोटी सर्किट, घातला की सुटतं.

दुकानात

अँप स्वच्छ आवाजावर ठेवा, डिस्टॉर्शनमध्ये दोष झाकले जातात. बूट काढा. पेडल बंद ठेवून वाजवा, मग तीच केबल थेट अँपला लावून वाजवा. बारीक तारांची चमक कमी झालेली वाटली तर बायपास, म्हणजे पेडल बंद असताना आवाज जाण्याची वाट, चांगला नाही. मग चालू करून पाच सेकंदांत एक फेरी, इतकं सावकाश पाय फिरवा. खरखर, अचानक उडी, किंवा शेवटच्या पाव भागात काहीच बदल न होणं, हे दोष आहेत. पट्टी मध्ये ठेवून पाय उचला. स्प्रिंगवालं नसेल तर ती तिथेच थांबली पाहिजे. पडत असेल तर बिजागरीचा नट घट्ट करून देतात का विचारा. चालू केल्यावर आवाज एकदम मोठा किंवा बारीक होत असेल तर मंचावर ध्वनियंत्रणावाला वैतागेल.

आवाजाची निवड करताना गायक लक्षात ठेवा. वाहचा पट्टा आणि मानवी आवाजाचा सर्वांत कळता भाग एकाच जागी येतात. त्यात कीबोर्ड, ढोल आणि ऑक्टापॅड. म्हणून गरब्याच्या साथीला फार टोकदार वाह नको. इंडक्टरला समांतर असलेला रेझिस्टर, बहुधा 33 किलोओहमचा, ही धार ठरवतो. तो कमी केला की धार बोथट होते, पण हे काम सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या. क्राय बेबी मिनीत फासेल इंडक्टर असून आत तीन सुरांचा एक छोटा स्विच आहे, तळाचं झाकण उघडलं की सापडतो. साथीला त्यातला लो बसवून पाहावा. हॉटोनच्या सोल प्रेससारख्या पेडलमध्ये वाहबरोबर व्हॉल्युमही मिळतो, पण वाजवता वाजवता एकातून दुसऱ्यात जाणं किती सोपं आहे ते घेण्याआधी स्वतः पाय लावून पाहा.

घरी आणल्यावर पट्टीचा ताण आणि स्विचची उंची आठवडाभर आधी जुळवा, घटस्थापनेच्या दुपारी नाही. पहिले तीन-चार दिवस गाद्या दबतात आणि स्विच पुन्हा थोडा खाली घ्यावा लागतो. मैदानावर फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत पेडलवर सुती रुमाल टाका, आणि रोज रात्री केसमध्ये ठेवण्याआधी पट्टीखाली कोरडा रंगाचा ब्रश फिरवा, आधी दात्यांच्या पट्टीवर आणि मग बिजागरीच्या दोन्ही बाजूंना.