जिभेखालची ॲपोमॉर्फिन: घ्यायची कशी, सांभाळायचं काय

लिंगाला ताठरता येत नसेल तर घ्यायची सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) लिंगातल्या रक्तवाहिन्यांवर काम करते. ॲपोमॉर्फिनचं काम त्याच्या बरंच वर चालतं: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ती डोपामिनसारखी (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) वागते आणि ताठरतेचा निरोप मज्जारज्जूतून खाली जातो. नावात मॉर्फिन असलं तरी ही नशेची गोळी नव्हे. २००१ मध्ये युरोपात तिला मान्यता मिळाली होती, पण गुणात सिल्डेनाफिल सरस ठरली आणि पुढे तिथे हिची विक्री बंद झाली. त्यामुळे सुरुवात हिच्यापासून करू नये, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर मुळीच नको.

आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करा. गोळी जिभेखाली ठेवा. चघळू नका, गिळू नका. पोटातून गेलेलं औषध यकृतातच निकामी होतं. ‘गोळीने काही झालंच नाही’ म्हणणाऱ्याला आधी हेच विचारावं. विरघळायला दहाएक मिनिटं लागतात, असर साधारण २० मिनिटांत येतो. मात्र मनात इच्छा हवी, स्पर्श हवा. नुसतं घड्याळाकडे बघत बसून ताठरता येत नाही. सुरुवात २ मिलिग्रॅमने, गरज पडल्यास पुढच्या खेपेला ३. दोन गोळ्यांत किमान ८ तासांचं अंतर.

पहिली गोळी घरीच, बसून घ्या. नंतर दोन तास गाडी चालवू नका. मळमळ, जांभया, घाम आणि डोकं हलकं होणं, हे एकामागोमाग सुरू झालं की रक्तदाब उतरतोय असं समजा. लगेच आडवे व्हा, पाय उशीवर घ्या, उठायची घाई करू नका. दारूने हे आणखी बिघडतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: मळमळलं म्हणून घरातली ओंडान्सेट्रॉन ही उलटीवरची गोळी घेतली जाते. या दोन औषधांच्या जोडीने रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलटीवर काय चालेल ते आधीच विचारून ठेवा. छातीत दुखण्यावर सॉर्बिट्रेट घेत असाल तर तेही न लाजता सांगा.

कुठलीही गोळी सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही रक्तातली संप्रेरकं (हार्मोन) तपासून घ्या. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर बऱ्याचदा ते उतरवणाऱ्या कॅबरगोलिन या औषधानेच इच्छा आणि ताठरता दोन्ही परततात. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनीही अडचण येते. त्या मनाने बंद करू नका, बदलून मागा.

ऑनलाइन ‘पीटी-१४१’ नावाने पावडरच्या बाटल्या मिळतात. हे ब्रेमेलॅनोटाइड. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती पाळी सुरू असलेल्या स्त्रियांच्या कमी झालेल्या कामेच्छेसाठी, पुरुषांच्या ताठरतेसाठी नाही. ते रक्तदाब चढवतं, आणि त्या बाटलीत नेमकं काय भरलंय हे विकणाराही सांगू शकत नाही. टोचून घेऊ नका.