‘प्रकाशापेक्षा फास्ट’ असं उत्तर आलं? आधी या चुका तपासा

गणित करता करता वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या वर गेला की दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक घाबरून खोडरबर शोधणारी आणि दुसरी आइनस्टाईनला चुकीचं ठरवून मोकळी होणारी. मी दोन्हीकडे राहून आलोय. कॉलेजात असताना लेझर आणि चंद्राच्या एका गणितावर आठवडाभर उड्या मारत होतो, वही घेऊन सरांकडे गेलो तर त्यांनी वही न उघडताच विचारलं, "ते सगळं ठीक, पण इथून तिथं नेमकी कुठली गोष्ट पोचली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हाच प्रश्न धरून चाला, निम्म्याहून जास्त गडबडी इथंच सुटतात. कारण "प्रकाशापेक्षा वेगात काहीच जात नाही" हे वाक्य आपण फार ढिलं बोलतो. बंदी आहे ती वस्तूवर, ऊर्जेवर आणि निरोपावर. सावलीवर नाही, ठिपक्यावर नाही, दोन गोष्टींमधल्या वाढणाऱ्या अंतरावरही नाही.

आता माझंच गणित घ्या. चंद्राचा व्यास साधारण ३,४७४ किमी, आणि इथून तो जेमतेम अर्धा अंश दिसतो. जोरदार लेझर हातात धरून मनगटाला एक झटका दिला, सेकंदाला ५०-५५ अंश म्हणजे काहीच नाही, तर ठिपका चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात जातो, म्हणजे वेग झाला सेकंदाला साडेतीन लाख किमी किंवा त्याहूनही जास्त! गणित बरोबर आहे बरं का. चूक एवढीच की आपण ठिपक्याला वस्तू समजलो. डाव्या कडेवर पडलेला प्रकाश तिथंच पडला, उजव्या कडेवर पडलेला वेगळाच प्रकाश आहे जो थोडा नंतर आपल्या हातातून निघाला, आणि दोघांनीही चंद्रापर्यंत यायला आपापले १.३ सेकंद घेतलेच. डाव्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला उजवीकडच्याला काही सांगायचं असेल तर हा ठिपका त्याच्या काही कामाचा नाही.

याच्या शेजारची चूक म्हणजे लांब दांडा. "चंद्रापर्यंत स्टीलचा दांडा नेला आणि इथून ढकलला तर पलीकडचं टोक लगेच हलेल ना?" नाही हलणार. आपण ढकलतो ते फक्त आपल्या हाताजवळचे अणू, ते पुढच्यांना ढकलतात, ते त्यांच्या पुढच्यांना, आणि हा धक्का दांड्यातल्या आवाजाच्या वेगाने पुढे सरकतो, स्टीलमध्ये सेकंदाला ५ किमीच्या आसपास. ३,८४,००० किमीला साधारण २१ तास लागतील. प्रकाशाला हरवायला निघालेला दांडा विमानापेक्षा फास्ट, एवढंच.

कुठला "प्रकाशाचा वेग" वापरलात?

ही चूक चांगली शिकलेली माणसंही करतात. २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा वेग निर्वात पोकळीतला, आणि मर्यादा ती आहे. पाण्यात प्रकाश मंदावतो, सेकंदाला सव्वादोन लाख किमीच्या आसपास येतो, आणि तिथं एखादा इलेक्ट्रॉन त्याला आरामात मागे टाकू शकतो. टाकतोच. अणुभट्टीच्या पाण्यात जो सुंदर निळा उजेड दिसतो तो याचाच. चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये तो नोंदवला आणि १९५८ मध्ये फ्रँक आणि टाम यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे "पाण्यात प्रकाशापेक्षा फास्ट" हे खरं आहे, पण तो इलेक्ट्रॉन सुद्धा तीन लाखांच्या आतच असतो, त्यामुळे नियम मोडला असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणि "उद्या चांगल्या मशीनने मोजलं तर आकडा वाढेल" असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, १९८३ पासून मीटरचीच व्याख्या या वेगावरून केलीय. मशीन सुधारलं तर मीटर जास्त अचूक होतो, हा आकडा जागचा हलत नाही.

वेगांची साधी बेरीज

यान ०.९ सी ने चाललंय (प्रकाशाच्या वेगाला सी म्हणूया), त्यातून पुढे ०.९ सी ने गोळी सोडली, झाले १.८ सी, जिंकलो. असं होत नाही, इतक्या वेगाला शाळेतली बेरीज चालत नाही. १.८ ला १ अधिक ०.९ गुणिले ०.९ म्हणजे १.८१ ने भागायचं, उत्तर ०.९९४५ सी.

इथं मात्र एक बारकावा आहे आणि त्यावर मी स्वतः भरपूर वाद घातलाय. दोन यानं समोरासमोर ०.९ सी ने येतायत आणि आपण मधे उभे राहून त्यांच्यातलं अंतर किती भराभर कमी होतंय ते बघतोय, तर ते १.८ सी नेच कमी होतं! त्यात काही चूक नाही, कारण त्या वेगाने कुठलीच एक वस्तू जात नाहीये. एका यानात बसून दुसऱ्याचा वेग मोजला तर ०.९९४५. त्यामुळे वेग लिहिताना तो कुणी मोजला हे शेजारी लिहायची सवय लावा.

"मग अजून इंधन जाळू" हाही उपाय नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कण पळवणारं लार्ज हॅड्रॉन कोलायडर नावाचं मोठं यंत्र आहे, तिथं प्रोटॉनला ६.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा दिली होती, इतकं करूनही तो प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ३ मीटरने मागेच. माणसाच्या पळण्याच्या वेगाइतका फरक राहिला, पण तो शून्य करायला लागणारी ऊर्जा अनंत आहे.

एकाचं अंतर, दुसऱ्याचं घड्याळ

ही सगळ्यात चकवणारी. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं (प्रकाशवर्ष हे अंतर आहे, वेळ नाही, साधारण साडेनऊ लाख कोटी किमी, ही चूक अजूनही होते म्हणून सांगितलं). ०.९९ सी ने निघालात तर तुमच्या मनगटावरच्या घड्याळात सात महिने आणि काही दिवसच होतात. ४.२४ वर्षांचा रस्ता सात महिन्यांत, म्हणजे सातपट फास्ट? अहो, अंतर पृथ्वीवरून मोजलेलं आणि वेळ यानातली, असा भागाकार करून कसं चालेल. पृथ्वीच्या घड्याळात तुम्हाला जवळपास ४.२८ वर्षं लागली, आणि यानातून बघितलं तर रस्ताच आकसून ०.६ प्रकाशवर्ष झाला. दोन्हीकडे भागून बघा, ०.९९ च येतं.

डोळ्याला दिसतं म्हणजे तसंच आहे

एम८७ नावाच्या गॅलेक्सीच्या मध्यातून जो फवारा निघतो त्यातले काही गोळे हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून मोजले तर सी च्या सहापट वेगाने सरकताना दिसतात. अशा दृश्याचं भाकीत खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९६६ मध्येच करून ठेवलं होतं, आणि यात दुर्बिणीची काही चूक नाही. समजा एक गोळा ०.९८ सी ने जवळपास आपल्याच दिशेने येतोय, फक्त १० अंश तिरका. दहा वर्षांत तो आपल्याकडे ९.६५ प्रकाशवर्षं आला आणि बाजूला १.७. आता बघा, सुरुवातीला त्याने सोडलेला प्रकाश आणि दहा वर्षांनी सोडलेला प्रकाश यांच्यात आपल्यापर्यंत पोचेस्तोवर फरक उरतो फक्त ०.३५ वर्षाचा, कारण तो गोळा स्वतःच्याच प्रकाशाच्या मागे मागे धावत होता. आपल्याला दिसतं की चार-साडेचार महिन्यांत गोळा १.७ प्रकाशवर्षं सरकला, म्हणजे जवळपास पाचपट. प्रवासाला लागलेला वेळ आणि बातम्या येण्यातला वेळ यांची सरमिसळ झाली, बाकी काही नाही.

गॅलेक्सी लांब पळतायत त्याचं वेगळं. तिथं अवकाशच ताणलं जातंय, साधारण १४ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या गॅलेक्सी आपल्यापासून सी पेक्षा जास्त वेगाने दूर होतायत आणि हे खरंच तसं आहे, पण कुठलीही गॅलेक्सी तिच्या शेजारून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला मागे टाकत नाही. यातून पुढची चूक होते की "मग त्या आपल्याला दिसूच शकत नाहीत". दिसतात, बऱ्याच दिसतात.

एन्टँगलमेंटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक ऐकून घेत नाहीत. दोन कणांची जोडी लांब नेली, इकडे मोजलं की तिकडचं उत्तर त्याच्याशी जुळतं, हे प्रयोगांनी सिद्ध आहे आणि त्याबद्दल २०२२ चं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळालंय. पण इकडे काय उत्तर यावं हे ठरवणं माझ्या हातात नाही, ते नाणेफेकीसारखं येतं, आणि तिकडच्यालाही नुसती नाणेफेकच दिसते. जुळतंय हे कळायला दोघांच्या वह्या शेजारी ठेवाव्या लागतात, आणि त्या वह्या फोनने किंवा ईमेलने, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या आतच येतात.

"थिअरीत तर परवानगी आहे ना?" असं विचारणारे टॅकिऑन आणि वॉर्प ड्राइव्ह काढतात. टॅकिऑन म्हणजे जन्मापासूनच सी च्या वर असलेले काल्पनिक कण. १९६२ च्या ज्या पेपरमध्ये यावर गंभीर चर्चा झाली त्यावर बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन अशी तीन नावं आहेत, आणि त्यातलं देशपांडे वाचून मला उगाचच बरं वाटतं. कण मात्र आजवर एकही सापडला नाही. वॉर्प ड्राइव्ह म्हणजे यानाच्या पुढचं अवकाश आकसून आणि मागचं ताणून पुढे जायची कल्पना. भौतिकशास्त्रज्ञ अल्क्युबिएरे यांचा १९९४ चा वॉर्प ड्राइव्ह समीकरणात बसतो, पण त्याला ऋण, म्हणजे शून्याहून कमी ऊर्जा लागते आणि तीही अफाट. शिवाय सी पेक्षा वेगाने निरोप जायला लागले तर सापेक्षतेच्या हिशोबात कुठल्या ना कुठल्या निरीक्षकाला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसेल, मग आपण कालच्या स्वतःला मेसेज करू शकू. या एका अडचणीमुळे बहुतेक फिजिक्सवाले या वाटेला जायला कचरतात.

सगळं तपासलं, तरी जास्तच येतंय

मग वायरी बघा. चेष्टा नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ओपेरा प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो (अतिशय हलके, जमिनीतूनही आरपार जाणारे कण) ७३० किमीवर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचले. इथं पोचणारी गोष्ट खरी वस्तू होती, घड्याळ आणि अंतर एकाच हिशोबातलं होतं, म्हणजे वरच्या सगळ्या चाचण्या पास. तरी बऱ्याच जणांना खटकलं ते एका जुन्या नोंदीमुळे. १९८७ मध्ये साधारण १,६८,००० प्रकाशवर्षांवरचा एक तारा फुटलेला दिसला होता, त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी आले, आणि तेही प्रकाशाला ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला उशीर झाला म्हणून. ओपेराचं प्रमाण तिथं लावलं असतं तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते! (ऊर्जा वेगळी होती हे खरं, पण शंका यायला एवढं पुरे.)

पुढच्या काही महिन्यांत सापडलं की जीपीएसची वेळ आत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचं कनेक्टर नीट बसलेलं नव्हतं, आणि घड्याळातही एक छोटी खोट होती जी उलट दिशेने खेचत होती. २०१२ मध्ये ग्रान सासोतल्या इतर डिटेक्टरांनीही मोजून बघितलं. न्यूट्रिनो प्रकाशाच्या बरोबरीनेच आले होते.