तीन पायांचा ईझल घरी कसा बनवावा

शाळांमध्ये पूर्वी फळा तीन पायांच्या लाकडी स्टँडवर, दोन खुंट्यांच्या आधाराने ठेवत. आपला ईझल, म्हणजे चित्र काढताना बोर्ड किंवा कॅनव्हास टेकवायचा स्टँड, त्याच जातीचा, फक्त हलका आणि मिटवता येणारा. चौथा पाय लावायचा मोह टाळा. उंचसखल जागी चारातला एक पाय अधांतरी राहतोच. तीन पाय मात्र गच्चीवर, अंगणात, घाटाच्या पायऱ्यांवर कुठेही टेकतात.

हाफ इम्पीरियल, म्हणजे 15 बाय 22 इंची कागदाच्या बोर्डाला आणि मध्यम कॅनव्हासला हे माप पुरते. तैलरंग, ॲक्रिलिक, पेस्टल यांसाठी उत्तम. फक्त जलरंगच करत असाल तर हा खटाटोप करू नका. उभ्या कागदावर रंग ओघळतो. टेबलावर बोर्ड ठेवून मागे दोन जाड पुस्तकं सारलीत की झालं.

सामान

वखारीतून 2 बाय 1 इंची पट्टी घ्या, साधारण 18 फूट. साडेपाच फुटांचे दोन तुकडे पुढच्या पायांना, पाच फुटांचा एक मागच्या पायाला, उरलेली आडव्या पट्टीला. पॅकिंगच्या खोक्यांचं देवदार स्वस्त आणि हलकं असतं, तेच बरं. सागवान महागही आणि खांद्यावरून न्यायला जडही. घेताना पट्टीचं एक टोक डोळ्याजवळ धरून दुसऱ्या टोकाकडे बघा, बाक असेल तर लगेच दिसतो. मोठ्या गाठीची पट्टी नको. पावसाळ्यात घेतलीत तर काही दिवस घरात सपाट ठेवून वाळू द्या, नाहीतर ती नंतर पिळवटते.

शिवाय 19 मिमी प्लायचा 6 बाय 6 इंची तुकडा, दोन इंची बिजागरी आणि तिचे छोटे स्क्रू, दीड इंची स्क्रू, फेविकॉल आणि नायलॉनची दोरी. खुंट्यांसाठी 8 मिमी जाड, चार इंच लांब, पूर्ण आट्यांचे दोन बोल्ट. प्रत्येकाला एक साधा नट, एक विंग नट (पंखांचा, हाताने फिरवता येणारा) आणि दोन वॉशर.

आधी छिद्रं, मग जोडणी

या कामात काटेकोरपणा खरा इथेच हवा. पुढचे दोन्ही पाय एकावर एक ठेवून, खालची टोकं जुळवून घट्ट बांधा. खालून 24 इंचांवर पहिली खूण, मग दर चार इंचांवर एक, 44 इंचांपर्यंत. रुंदीच्या मधोमध, दोन्ही पट्ट्यांतून एकदमच ड्रिल आरपार घाला. पाय वेगवेगळे मोजून छिद्रं पाडलीत तर सूतभर तरी फरक पडतो आणि चित्र कायम कललेलं दिसतं. ड्रिल बाहेर पडतं त्या बाजूला एखादा टाकाऊ लाकडाचा तुकडा धरा, म्हणजे पट्टीच्या ढलप्या उडणार नाहीत.

आता दोन्ही पाय जमिनीवर आडवे टाका. वर जेमतेम इंचभर फट, खाली दोन फूट अंतर. वरच्या टोकांवर प्लायचा तुकडा मागच्या बाजूने फेविकॉल लावून स्क्रूने बसवा. स्क्रूआधी बारीक छिद्र पाडाच, देवदार कडेला पटकन चिरतं. मग खालून दीड फुटावर आडवी पट्टी ठेवा, पायांच्या कडेने पेन्सिलीने तिरकी रेघ मारा, तिथे कापा आणि तीही मागूनच जोडा. कोनाचं गणित करायची गरज नाही.

मागच्या पायाच्या वरच्या टोकाला, आतल्या अंगाला बिजागरीची एक पाकळी लावा. बिजागरीचा गोल भाग वरच्या बाजूला. दुसरी पाकळी प्लायच्या मधोमध. पाय मिटला की पाकळ्या समोरासमोर येतात.

दोरी

बिजागरी फक्त पाय फिरू देते. तो किती मागे जावा हे दोरी ठरवते. दोरी नसेल तर गुळगुळीत फरशीवर मागचा पाय सरकत जातो आणि चित्रासकट सगळं आडवं होतं. ईझल उभा करून मागचा पाय पुढच्या पायांच्या रेषेपासून दोन फूट मागे घ्या. मग आडव्या पट्टीतून त्याच उंचीवर मागच्या पायापर्यंत दोरी ओवून ताणून गाठ मारा. म्हणजे बोर्ड थोडा मागे झुकतो. सुतळी वापरू नका, ती सैल पडते.

खुंटीचा बोल्ट पुढून घाला. एक साधा नट लाकडाच्या पुढच्या अंगाला, मागून विंग नट, दोन्हीकडे वॉशर. बोल्टचं डोकं पुढे दोन-अडीच इंचांवर राहतं आणि बोर्ड घसरू देत नाही. उंची बदलायची तर बोल्ट वरच्या किंवा खालच्या छिद्रांत हलवा.

शेवटी पॉलिश पेपर मारून उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती मोकळ्यावर पसरून वाळवा. उघड्यावर वारा असेल तर आडव्या पट्टीला पिशवी अडकवून तिच्यात दोन दगड टाका, आणि बोर्ड वरून बुलडॉग क्लिपने पायाला पकडा.