मराठी शोधपत्रिका वाचकांपर्यंत कशी पोचवाल?

मी एका मराठी संशोधन-त्रैमासिकाची संपादक. जाहिरातीचा विचार नंतर, आधी लेख सापडायला हवा. तुमच्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं नि चिन्हांची खिचडी दिसली, तर अंक जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि गूगल स्कॉलरला (गूगलची संशोधन-लेख शोधायची सेवा) त्यातलं मराठी कळत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आणा. वेळ जातो, पण सगळं इथेच अडतं.

अख्ख्या अंकाची एकच फाइल नको. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान द्या, सारांश इंग्रजीतही. शीर्षकासाठी लेखकाशी थोडं भांडाच. ‘बोलीभाषा : एक अभ्यास’ कोण शोधणार? ‘चंदगडी बोलीतील नातेवाचक शब्द’ म्हटलं, की हवा तो वाचक येतो.

पत्रिका अशी ऑनलाइन मांडायला ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पत्रिका खुली, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारी असेल, तर डीओएजे या खुल्या शोधपत्रिकांच्या जागतिक सूचीकडे अर्ज करा, त्यालाही पैसे पडत नाहीत.

अंक निघाला त्याच दिवशी लेखकाला दुवा आणि चार ओळींचा तयार मजकूर पाठवा. व्हॉट्सॲपवर तो पुढे जातो. लेखात ज्यांचे संदर्भ आलेत, त्या अभ्यासकांनाही कळवा. आणि यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य शोधपत्रिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली. मुखपृष्ठावर तिचा उल्लेख असेल तर काढून टाका.