व्हिडिओत फोटो लावताना या चुका टाळा

वडशाच्या (जि. गडचिरोली) झाडीपट्टी नाटकाची जाहिरात असो की लग्नाचा व्हिडिओ, चित्रण चांगले असते अन् मध्येच फोटो फुटतात. बहुतेक वेळा कारण एकच असते : फोटोचे माप, म्हणजे त्याच्या रुंदी-उंचीतले पिक्सेल (ठिपके).

माप झूमवरून ठरवा. टाइमलाइन (एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने लावायची पट्टी) १९२०×१०८० ची आणि झूम दीडपट असेल, तर फोटो किमान २८८०×१६२० हवा. ७२ की ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके), हा वाद इथे फिजूल आहे. डीपीआय पाहायचा तो फक्त स्कॅन करताना. आजोबांचा ४×६ इंची फोटो ३०० वर स्कॅन केला तर १८००×१२०० मिळतो, म्हणजे झूम न करताही कमीच. ६०० वर करा. पासपोर्ट फोटोला १२०० लागतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दबलेला असतो. पाठवणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

मोठा फोटो तसाच टाकणेही चूकच. ६०००×४००० ची जेपेग डिस्कवर ८-१० एमबीची दिसते, पण उघडल्यावर मेमरीत सुमारे ९६ एमबी खाते. असे पन्नास टाकले की ८ जीबीचा कॉम्प्युटर अडकलाच. शिवाय फोटो सरकताना करवतकाठी साडीचे बारीक दाते लुकलुकतात, कारण लहान केल्यावर त्या रेषा एका पिक्सेलहून बारीक होतात. आधीच फोटोशॉपमध्ये माप कमी करा. तरीही लुकलुकले तर फक्त काठावर ०.३ ते ०.५ पिक्सेलचा गॉसियन ब्लर (चित्र किंचित धूसर करणारा इफेक्ट) द्या.

प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत 'स्केल टू फ्रेम साइज' आणि 'सेट टू फ्रेम साइज' असे दोन पर्याय असतात. पहिल्याने फोटो टाइमलाइनच्या मापाचाच उरतो, मग झूम केला की धूसर होतो. दुसरा निवडा.

फ्लेक्सवाल्याकडून आलेली फाइल बहुधा सीएमवायकेची (छपाईच्या रंगपद्धतीची) असते. ती थेट घेतली तर रंग बिघडतात, कधी फाइल उघडतच नाही. फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'मधून एसआरजीबी (स्क्रीनची रंगपद्धत) करून घ्या. पारदर्शक लोगो पीएनजीतच ठेवा. जेपेग केला की मागे पांढरा चौकोन येतो.

उभा फोटो ताणून आडवा करू नका, नवरीचा चेहरा पसरतो. बाजूची रिकामी जागा भरायला त्याचीच प्रत टाइमलाइनच्या खालच्या ट्रॅकवर मोठी करून ब्लर करा.

दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओळीने क्रमांक असलेले फोटो एकच क्लिप होऊन आले, तर मीडिया पेजवरच्या तीन टिंबांतून 'फ्रेम डिस्प्ले मोड'मध्ये 'इंडिव्हिज्युअल' निवडा आणि ते पुन्हा आणा.