डोंगरातल्या नदीवर काम करायचंय? आधी पाणी बघायला शिका

राफ्टिंग गाईड व्हायचंय म्हणून विचारायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पोहायला किती चांगलं यायला हवं?" यायला हवंच, त्यात वाद नाही. पण टँकमध्ये तासभर पोहणारा गडी रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांतून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यात, पडला की पहिल्याच दोन लाटांत नाकातोंडात पाणी जाऊन गांगरतो, हे मी बरेचदा पाहिलंय. पोहण्याच्या आधी येतं ते काठावर उभं राहून बघणं. आज पाणी किती आहे, काल किती होतं, चढतंय की उतरतंय, आणि ते सोडणारा वर कोण बसलाय.

मी सुरुवात केली रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला, कुंडलिका नदीवर. शिकायला ही नदी उत्तम, आणि तितकीच फसवी. उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या डोहांपुरत्या उरतात, तेव्हा कुंडलिकेला सकाळी पाणी असतं, कारण ते पाणी तिचं नाहीच. घाटमाथ्यावर मुळशी धरणात अडवलेलं पाणी सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे 1927 पासून चालू आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, तेच हे धरण. राफ्टमध्ये आरडाओरडा करणाऱ्या पुणेकरांना हे सांगितलं की जरा वेळ शांत होतात, असा माझा अनुभव. वीज तयार करून झाली की पाणी रावळज्याच्या बंधाऱ्याशी येतं आणि तिथून सकाळी खाली सोडलं जातं. त्यामुळे इथलं घड्याळ वीजघराचं. पाणी यायच्या आधी काठावर गेलात तर गोटे उघडे दिसतात, बायका धुणं धूत असतात. मग वरच्या वळणाआडून आधी आवाज येतो, पाठोपाठ पालापाचोळा आणि फेसाची एक रेघ, आणि बघता बघता धुण्याचा दगड बुडतो. बायका बादल्या उचलून आधीच वर गेलेल्या असतात. त्यांना आवाज कळतो. नवीन गाईडला तो कळेपर्यंत एक हंगाम जातो.

गंगेवर गेले तेव्हा हे शिक्षण निम्म्याहून अधिक निरुपयोगी ठरलं. ऋषिकेशच्या वर शिवपुरी, कौडियाला भागात जे पाणी मिळतं ते देवप्रयागला एक झालेलं अलकनंदा आणि भागीरथीचं. भागीरथीवर टिहरी धरण आहे, अलकनंदेवर श्रीनगरचा वीजप्रकल्प. शिवाय वर बर्फ. मे-जूनमध्ये ऊन तापलं की बर्फ वितळतं, पण ते पाणी खाली यायला वेळ लागतो. उगमाजवळ दुपारनंतर चढणारी नदी बरीच खाली रात्री चढते. म्हणून हिमालयात ओढा ओलांडायचा तर भल्या पहाटे, आणि तंबू वाळूच्या सपाट पट्टीवर कितीही मोहाची जागा दिसली तरी तिथे नाही. 8 जून 2014 ला हिमाचलमध्ये थलौटजवळ बियासच्या पात्रातल्या दगडांवर फोटो काढणारे हैदराबादचे 24 इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. वर लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. ऊन होतं, पाऊस नव्हता, नदी सुकल्यासारखी दिसत होती. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ही घटना सांगते.

एक धरणाच्या पाण्यावरची नदी, दुसरी बर्फाची; पावसावरची नदी हा तिसरा प्रकार. गोव्यात सत्तरीत म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालतं, ते असं. सह्याद्रीतल्या ट्रेकला लागणारे सगळे ओढे, वहाळ याच जातीचे. इथे ना वेळापत्रक, ना भोंगा. ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये एका दिवसात 500 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. त्या कातळात पाणी मुरायला जागाच नाही, सगळं धावत खाली येतं. तुमच्या डोक्यावर पाऊस थांबलाय याला काही अर्थ नसतो, घाटावर काळं दिसतंय का ते बघायचं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो ओढा असाच होता.

आता मोजायचं कसं? नाशिककर गोदावरीचा पूर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी कमरेला लागलं, गळ्याला लागलं, एवढं म्हटलं की अख्ख्या शहराला कळतं. तुम्ही जिथे काम कराल तिथे असाच आपापला मारुती शोधा. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली असेल तर बरंच, नसेल तर एक न हलणारा खडक धरा आणि रोज त्याच जागी उभं राहून बघा. माझा कोलाडचा खडक काळा, वर बगळ्यांच्या विष्ठेचा पांढरा डाग. डाग बुडाला की नवख्या लोकांची ट्रिप बंद. हा नियम मला गढवालहून आलेल्या आमच्या सीनियर भैजींनी घालून दिला. डागच का, असं विचारलं तर म्हणाले, "त्याच्या वर पाणी गेलं की खालच्या वळणावर थांबायला जागा उरत नाही, स्वतः जाऊन बघ." गेले, बघितलं, खरंच उरत नव्हती. खुणेला अर्थ येतो तो असा, खाली काय बदलतं ते चालून पाहिल्यावर.

काठाला काडी रोवण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते, करत कुणी नाही. पाण्याच्या कडेला काडी रोवायची, घड्याळ बघायचं, दहा मिनिटांनी परत बघायचं. एका जुलैत पुण्याहून बस भरून मंडळी आली होती, पैसे भरलेले, सगळे लाइफ जॅकेट चढवून तयार. पाण्याचा रंग सकाळी हिरवट होता तो चहासारखा झाला होता. मी काडी रोवली आणि टपरीवर चहा घेतला. परत आले तर काडी मधोमध पाण्यात, आणि धारेतून एक आख्खी फांदी पानांसकट चाललेली. ओली, ताजी तुटलेली फांदी म्हणजे वर कुठेतरी काठ तुटतोय. ट्रिप रद्द केली. "तुमच्या सरांना बोलवा," असं एक काका म्हणाले. बाईमाणूस गाईड असेल तर हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्या दिवशीची सर मीच होते.

आकड्यांबद्दल थोडं, कारण तिथे बरेच जण अडखळतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे सेकंदाला एक टन पाणी. एका क्युमेकमध्ये साधारण 35 क्युसेक. बातमीत 'दहा हजार क्युसेक विसर्ग' वाचून घाबरायचं की नाही हे पात्रावर ठरतं: नांदेडच्या गोदावरीला त्याचं काही वाटणार नाही, कोकणातल्या अरुंद घळीत हाहाकार होईल. पातळीचंही तसंच. रायगडच्या रोजच्या पूरतक्त्यात कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 23.00 मीटर आणि धोका पातळी 23.95 मीटर असते, महाडला सावित्रीची 6.00 आणि 6.50. ऋषिकेशला गंगेची 339.50 आणि 340.50. प्रत्येक ठिकाणचा शून्य वेगळा, त्यामुळे या आकड्यांची आपसात तुलना करायचीच नाही. बघायचं ते अंतर: या तिन्ही ठिकाणी इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत मीटरभराच्या वर नाही, महाडला तर अर्धाच मीटर. आणि या पातळ्या काठावरच्या वस्तीसाठी ठरवलेल्या असतात, राफ्टसाठी नव्हे. आमचं काम त्याच्या कितीतरी आधी थांबतं. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप 2023 मध्ये आलं, ते फोनवर ठेवा. पण घळीत रेंज नसते, म्हणून निघायच्या आधी बघा.

पाण्यात पडलात तर काय करायचं, हे कोर्समध्ये नीट शिकवतात. मी फक्त आपल्याकडच्या दगडाचं सांगते. बेसाल्टमध्ये रांजणखळगे, म्हणजे पाण्याने कोरलेले रांजणासारखे खड्डे, असतात, निघोजला कुकडीच्या पात्रात दिसतात तसे. पाणी वर असलं की ते दिसत नाहीत. वाहत असताना पाय टेकले असं वाटलं की माणूस उभा राहतो, पाय खळग्यात किंवा दोन दगडांच्या फटीत अडकतो, आणि मागून येणारं पाणी त्याला वाकवून खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यात माणसं अशी गेली आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे गणित तिथे लागू पडतं. म्हणून उताणं, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर, आणि अगदी काठाशी लागेपर्यंत उभं राहायचं नाही. आडवं पडलेलं झाड दिसलं तर मात्र उलट: पालथे व्हा, झाडाकडे पोहत जाऊन खोडावर चढायचा प्रयत्न करा, कारण फांद्यांखाली गेलात की पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. थ्रो बॅगची, म्हणजे वाहत्या माणसाकडे फेकायच्या पिशवीतली, दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. आणि ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडा; पात्र अरुंद दिसतं तिथे नव्हे तर रुंद असतं तिथे उतरा. खेड्यातली माणसं 'उतार', म्हणजे पायी ओलांडायची जागा, दाखवतात तो नेहमी रुंदच असतो.

शिक्षणाचं म्हणाल तर प्रथमोपचार आणि सीपीआर आधी करून घ्या, मग स्विफ्टवॉटर रेस्क्यू, म्हणजे वेगाच्या पाण्यातून माणसं काढण्याचं प्रशिक्षण. जीवरक्षणाच्या अभ्यासक्रमांसाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाच्या मूल्यमापनाला बसायचं तर केलेल्या ट्रिपांची नोंदवही लागते, म्हणून वही पहिल्या दिवसापासून लिहा: तारीख, खुणेपाशी पाणी कुठे, रंग, चढ की उतार, वर पाऊस होता का. पहिला हंगाम बहुतेक हवा भरण्यात, राफ्ट उचलण्यात आणि काठावर दोरी घेऊन उभं राहण्यात जातो. वल्हं उशिरा मिळतं, पगारही बेताचा. नोकरी धरताना मालकाला एवढं विचारा की ट्रिप रद्द करायचा शब्द शेवटी कुणाचा. "गाईडचा" असं चटकन उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघा. जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवर राफ्टिंग बंद असतं, तेव्हा तिकडचे गाईड कोलाडला येतात. कुणाच्या हाताखाली शिकायचं ते ठरवायला हीच वेळ बरी.