फिलर लवकर उतरला असं वाटतंय? आधी या चुका टाळा

ओठांना किंवा गालांना फिलर (जागा भरण्यासाठी टोचायचं इंजेक्शन) करून घेतलेल्यांची तक्रार साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. "पहिले चार दिवस काय मस्त दिसत होतं! आता बघा, काही उरलंच नाही. पैसे पाण्यात गेले." डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितलेली असते आणि इथे महिन्याच्या आत चेहरा होता तसा. मग कुणाला 'डुप्लिकेट माल घातला' असा संशय येतो, कुणी 'माझ्या अंगाला ते लागतच नाही' अशी स्वतःची समजूत घालतं, आणि दोघीही शेवटी आणखी एका सिरिंजची अपॉइंटमेंट घेतात.

ती अपॉइंटमेंट घेण्याआधी थोडं थांबा. तिसऱ्या आठवड्यात फिलर खरोखर संपलेला असणं जवळजवळ अशक्य आहे. बहुतेक वेळा मोजायला सुरुवातच चुकीच्या दिवसापासून झालेली असते.

सुजेला रिझल्ट समजू नका

आज सगळ्यात जास्त वापरले जाणारे फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या शरीरात मुळातच असतो: त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला, तोही गाईच्या डोळ्यातून. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात तो साधारण १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होतो. म्हणजे नुसतं हायल्युरॉनिक ॲसिड टोचलं तर दोन-चार दिवसांत त्याचा मागमूस राहणार नाही. म्हणूनच फिलर बनवताना त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडतात आणि घट्टसर जेल तयार करतात. शरीरातलं एन्झाइम या जोडलेल्या साखळ्या तोडत बसतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. 'आठ दिवसांत विरघळला' हे या हिशेबात बसतच नाही.

मग आठ-दहा दिवसांत गेलं ते काय? सूज. सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) आत फिरली की ऊती सुजतात. जेल स्वतः आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. ओठांसारख्या नाजूक जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही सूज सर्वात जास्त असते, आणि नेमक्या त्याच दिवशी बाईसाहेब आरशात बघून खूश झालेल्या असतात. सूज पूर्ण बसायला दोन आठवडे लागतात, कधी थोडे जास्तही. चौदाव्या दिवशी जे दिसतं, तो तुमचा खरा रिझल्ट. तिसऱ्या दिवसाचा चेहरा मनात धरून बसलात तर पुढचं सगळं उतरणीलाच लागल्यासारखं वाटणार.

पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या इंजेक्शनमध्ये हाच घोळ आणखी मोठा होतो. ते औषध पाण्यात कालवून देतात. टोचल्याबरोबर गाल भरलेले दिसतात, दोन-चार दिवसांत पाणी शोषलं जातं आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण हे औषध जागा भरत नाही, तिथे हळूहळू कोलॅजन तयार करायला लावतं. त्याला काही महिने आणि बहुधा दोन-तीन बैठका लागतात. एका बैठकीनंतर 'फसवणूक झाली' म्हणत सोडून देणाऱ्यांना हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. ही चूक मी पेशंटच्या खात्यात टाकणार नाही.

फोटो न काढता आठवणीवर विसंबणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपल्या चेहऱ्याची आपल्याला इतक्या लवकर सवय होते की महिन्याभरानंतर नवा चेहराच 'नेहमीचा' वाटायला लागतो. जुना कसा होता ते आठवत नाही. सुरुवातीला मैत्रिणी विचारतात, "काय गं, काही केलंस का?" मग त्याही विचारायच्या बंद होतात. गाल तेवढेच असतात, कौतुक मात्र आटलेलं असतं.

तुलना करायला सेल्फी काढाल तर ती कुचकामी. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा आत गेलेल्या दिसतात, वर फोन स्वतःच्या मर्जीने त्वचा गुळगुळीत करून टाकतो. त्यापेक्षा असं करा. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. केस मागे बांधा, मेकअप नको, टिकली-चष्मा काढा. घरातल्या कुणाला तरी दीडेक मीटर लांब उभं करून मागच्या कॅमेऱ्याने, डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढायला सांगा: एक समोरून, दोन तिरपे, दोन बाजूने. तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर हसू नको. असे फोटो फिलरच्या आधी एकदा, चौदाव्या दिवशी एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीत, साधारण त्याच वेळी काढा.

डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं. तिथे आपल्याला दिसते ती मुख्यतः सावली. लिफ्टच्या आरशात वरून दिवा पडला की विशीतली मुलगीसुद्धा आजारी दिसते. सकाळी लिफ्टमध्ये 'खड्डे परत आले' म्हणून हबकलेल्या बाईला दुपारी खिडकीत उभं केलं तर तक्रार जागेवर मिटते.

क्लिनिकमध्येही आधीचे फोटो काढतात. ते मागून घ्या. तुमच्या उपचाराची ती नोंद आहे, मागायला लाजायचं कारण नाही.

एक मिली म्हणजे किती, हे न विचारणं

फिलरची सिरिंज सहसा एक मिलीची असते. घरातला औषधाचा पाच मिलीचा चमचा आठवा आणि त्यात एक मिली पाणी ओता. चमच्याचा तळ जेमतेम ओला होतो. तेवढ्या जेलमध्ये अनेकींना डोळ्यांखालचे खड्डे, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषा आणि जमलं तर ओठही 'थोडेसे' करून हवे असतात. यात लोभ कमी, खर्चाचा धसका जास्त. शहरातल्या बऱ्या क्लिनिकमध्ये एका सिरिंजला वीस-तीस हजार मोजताना कुणालाही वाटणारच की यात होईल तेवढं करून घ्यावं.

पण एक मिली दोन्ही बाजूंना आणि तीन जागांना वाटली की प्रत्येक जागी थेंबभरच जातं. सूज असेपर्यंत ते पुरेसं वाटतं. सूज उतरली की फरक डोळ्याला दिसण्याच्या पातळीखाली जातो. इथे फिलर लवकर उतरलेला नसतो, मुळात कमी पडलेला असतो. पैसे एकाच सिरिंजचे असतील तर एकच जागा नीट करून घ्या. कोणती, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पुष्कळदा नाकाकडच्या रेषा भरण्यापेक्षा गालाच्या हाडावर आधार दिल्याने जास्त फरक पडतो, आणि पेशंटने बोट ठेवलेली जागा आणि डॉक्टर सुई घालतात ती जागा वेगळी असते.

सगळ्या जागांना एकच मुदत लावणं

'फिलर वर्षभर टिकतो' हे वाक्य अर्धवट आहे. कुठला फिलर, कुठे? ओठ दिवसभर हलतात, बोलतात, खातात. तिथलं मऊ जेल सहा महिने ते वर्षभर टिकतं. गालाच्या हाडावर खोलवर दिलेलं घट्ट जेल दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-नियामक संस्थेने) २०१३ मध्ये गालांसाठी मान्यता दिलेल्या जुव्हेडर्म व्होल्युमाची सांगितलेली मुदत तेवढीच आहे. कॅल्शियमवाले फिलर साधारण वर्ष-दीड वर्ष. हनुवटीला आधार देणारं जेल ओठात घातलं तर गुठळी लागते, आणि ओठांचं मऊ जेल हनुवटीला दिलं तर ते दबून जातं आणि 'उतरला' म्हणायची वेळ लगेच येते.

'तीन महिन्यांत जातं' ही ऐकीव माहिती दोन ठिकाणांहून येते. एक, जुने कोलॅजनचे फिलर. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले गाईच्या कोलॅजनचे फिलर खरोखरच काही महिन्यांत जात. दुसरं, बोटॉक्स. ते स्नायू सैल करतं, तीन-चार महिन्यांत त्याचा असर संपतो, आणि जागा भरण्याशी त्याचा काही संबंध नाही. एकाच भेटीत कपाळाला बोटॉक्स आणि गालांना फिलर घेतलेल्या बाईच्या कपाळावर चौथ्या महिन्यात आठ्या दिसायला लागल्या की 'सगळंच गेलं' असं ती घरभर सांगते.

एक गंमतही लक्षात घ्या. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल झिजत असताना उरलेलं जेल जास्त पाणी धरून ठेवतं. त्यामुळे आतला माल कमी होत असला तरी फुगीरपणा बराच काळ तसाच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात जरा झपाट्याने कमी होतो. 'परवापर्यंत होतं, अचानक गेलं' या तक्रारीत म्हणून थोडंफार तथ्य असतं. फक्त ती दहाव्या-बाराव्या महिन्यातली असायला हवी.

वजनाचा काटा विसरणं

गेल्या वर्ष-दोन वर्षांत ही तक्रार वाढली असेल तर नवल नाही. वजन उतरवणारी इंजेक्शनं आता इथेही मिळतात: मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. लग्नाआधीचं कडक डाएट तर आपल्याकडे आधीपासून आहेच. आठ-दहा किलो वजन झपाट्याने उतरलं की गालांतली, कानशिलांतली चरबीही जाते. फिलर जागेवरच असतो, त्याच्या भोवतीचा चेहरा आटलेला असतो. वजन उतरत असतानाच फिलर भरत राहणं म्हणजे हलत्या निशाण्यावर नेम धरणं. वजन दोन-तीन महिने स्थिर राहू द्या आणि मग गालांचा विचार करा. औषध चालू असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांना आधीच सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

'जिम करणाऱ्यांचा फिलर लवकर जातो' हेही सर्रास ऐकू येतं. त्याला म्हणावा तसा भक्कम पुरावा नाही. पहिले एक-दोन दिवस घाम गाळू नका, पुढे खुशाल व्यायाम करा.

फेशियल, वाफ आणि हळद

पहिले दोन आठवडे चेहऱ्यावर दाब नको: पार्लरचा मसाज नको, सर्दीसाठी घेतली जाणारी कडक वाफ नको, पालथं झोपणं नको, दातांची मोठी कामंही नकोत. लग्नघरात आणखी एक गोष्ट असते. हळदीला मामी-मावश्या-वहिन्या गाल चोळून चोळून हळद लावतात आणि त्यांना थांबवायची कुणाची टाप नसते. त्यामुळे नवरीने फिलर करायचाच असेल तर मुहूर्ताच्या निदान महिनाभर आधी करावा. सूज उतरते, काळं-निळं पडलं असेल तर जातं, आणि काही दुरुस्ती हवी असेल तर वेळ हातात राहतो.

घाईघाईने टॉप-अप

उतरला असं वाटलं की दर तीन-चार महिन्यांनी अर्धी-अर्धी सिरिंज घालत जाणं ही चूक पुढे दुरुस्त करायला अवघड जाते. काही लोकांच्या एमआरआयमध्ये शेवटच्या इंजेक्शननंतर कित्येक वर्षांनीही चेहऱ्यात फिलर दिसलेला आहे, विशेषतः डोळ्यांखाली आणि गालांत. म्हणजे वरून उतरल्यासारखा वाटणारा फिलर आत बाकी असू शकतो. ओठांत वारंवार भरलं की जेल ओठांची रेषा ओलांडून वर सरकतं, वरच्या ओठावर मिशीच्या जागी फुगवटा येतो आणि ओठ स्वतः सपाट दिसतात. ओठ सपाट दिसतात म्हणून त्यात आणखी घालतात, ते आणखी वर जातं. असं झालं असेल तर आधी हायल्युरॉनिडेज (हे जेल मोडणारं एन्झाइम) देऊन जुनं जेल विरघळवून घेणं आणि काही आठवडे थांबणं हाच शहाणपणा. हा उपाय फक्त हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरवर चालतो, म्हणून आपल्याला नेमकं काय टोचलं ते माहीत हवं.

त्यासाठी खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि ब्रँड, बॅच नंबर, एक्सपायरी असलेलं स्टिकर फाइलवर किंवा फोनमध्ये ठेवा. मागच्या वेळची उरलेली सिरिंज 'जपून ठेवलीय' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे. पार्लरमध्ये बिनसुईच्या 'हायल्युरॉन पेन'ने ओठ भरून देतात, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये या पेनांविरुद्ध उघड इशारा दिलेला आहे. जेल किती खोल आणि कुठे जाईल यावर त्यात ताबाच राहत नाही.

थांबायचं नाही असं एकच कारण

वर सगळीकडे थांबा, वाट बघा असं सांगितलं. पण फिलरनंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत त्या भागात जोराची, वाढत जाणारी वेदना झाली, त्वचा पांढुरकी पडली, जाळीसारखे जांभळे-निळे डाग उमटले किंवा नजर धूसर झाली, तर तो सुजेचा किंवा उतरण्याचा प्रश्न नाही. रक्तवाहिनीत अडथळा आलेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, बर्फ लावत बसू नका, इंजेक्शन दिलेल्या डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करा. नजरेत काहीही बदल वाटला तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा आणि फिलर केल्याचं दारातच सांगा. हायल्युरॉनिडेज त्या क्लिनिकमध्ये कायम असतं का आणि रात्री-अपरात्री फोन कोण उचलतं, हे दोन प्रश्न म्हणून सुई टोचण्याआधीच विचारून घ्यायचे.